कूलिंगवाल्याचं नाव

विचुंब्याला आमच्या सोसायटीत मला 'कूलिंगवाले म्हात्रे' म्हणून ओळखतात. त्यामुळे एप्रिल उजाडला की माझ्या दाराची बेल वाजायला लागते. "म्हात्रेकाका, बेडरूमचा एसी गळतोय हो." सुरुवातीला मी भयंकर चिडायचो. एकदा वरच्या मजल्यावरच्या एका सद्गृहस्थांना मी दारातच उभं करून सुनावलं की, मी जे थंड करतो ते लालभडक तापलेलं असतं, त्याच्यापुढे तुमची बेडरूम म्हणजे महाबळेश्वर आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग गॅस भरायला कोणाला बोलवू?"

आतून आमची नंदा म्हणाली, "अहो, त्या एसीवाल्याचा नंबर द्या ना त्यांना. व्याख्यान कशाला?"

नंबर दिला. आता तर मी त्या एसीवाल्याला दरवर्षी इतकी गिऱ्हाइकं देतो की तो दिवाळीला मला मिठाई पाठवतो. पण मनात राहतंच. इतकी वर्षं एक धंदा केला आणि तो काय आहे हे शेजाऱ्याला सांगता आलं नाही. म्हणून या अंकाच्या संपादकांनी 'कामाबद्दल लिहा' म्हटल्यावर मी लगेच हो म्हणालो. निदान एकदा तरी माझं बोलणं मध्येच तोडून कोणी गॅसचं विचारणार नाही.

तर धंदा असा. मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या दारांच्या मध्ये एक उभा खांब असतो. बाजूने कोणी येऊन आदळलं तर आतल्या माणसाचं काय होणार हे त्या खांबावर अवलंबून. तो कडक हवा, आणि गाडी जड होऊ नये म्हणून पातळही हवा. इतका कडक पत्रा गार असताना वळवायला गेलं तर तो वळत नाही, चिरतो. म्हणून आधी भट्टीत पत्रा लाल करतात. मऊ झाला की रोबो तो उचलून प्रेसमधल्या टूलवर ठेवतो. टूल म्हणजे पोलादी साचा, वरचा एक आणि खालचा एक. प्रेस खाली येते आणि पत्र्याचा खांब होतो. इथपर्यंतचं सगळं बघायला फार छान असतं. कंपनीत पाहुणे आले की त्यांना नेमकं इथेच उभं करतात.

खरं काम याच्या पुढे सुरू होतं, आणि त्यातलं काहीच दिसत नाही. प्रेस मिटलेली राहते. लोहार कोयता तापवून ठोकतो आणि पाण्यात बुडवतो, तेव्हा चर्र आवाज होऊन त्याला कडकपणा येतो. आम्हाला तेच करायचं असतं, पण पत्र्याला पाणी न लावता. पाणी साच्याच्या पोटातून फिरवायचं, साच्याने पत्र्यातली उष्णता ओढायची आणि पाण्याने साच्यातली. तीही काही सेकंदांत, आणि सगळीकडे सारखी. जिथे कमी ओढली गेली तिथे पत्रा मऊ राहतो, आणि खांबात बोटभर जागा मऊ राहिली की सगळा खांब भंगारात. साच्याच्या पोटातल्या पाण्याच्या वाटा आखणं, हा माझा धंदा.

अडचण अशी की साच्याचा चेहरा वळणावळणाचा असतो आणि ड्रिल मात्र नाकासमोर जातं. मग सरळ भोकं एकमेकांना गाठून पाण्याला वळणं द्यायची आणि नको असलेली तोंडं प्लग मारून बंद करायची. भोक चेहऱ्याच्या फार जवळ नेलं तर साचा तडकतो. लांब ठेवलं तर उष्णता ठाण मांडून बसते. त्यात टूल डिझाइन करणाऱ्याचे बोल्ट नेमके मला पाणी न्यायचं असतं तिथेच येतात. माझं अर्धं आयुष्य या बोल्टांशी घासाघीस करण्यात गेलं. पनवेलच्या मच्छीबाजारात मला लांबून येताना बघून कोळणी पाटीवर फडकं टाकतात, असं नंदा सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. एकच कोळीण टाकते. पण बाजारात मी जेवढी घासाघीस करतो ती काहीच नाही. टूल डिझाइनरकडून मी मिलिमीटर मागतो, प्रॉडक्शनवाला माझ्याकडून सेकंद मागतो. "म्हात्रेसाहेब, प्रेस आठ सेकंद बंद ठेवायची? पाच करा." मी म्हणतो, "पाचात पापड भाजून मिळेल, खांब नाही." शेवटी सात. सात मला आधीच जमणार असतात, पण हे त्याला कशाला सांगा?

मी मूळचा उलव्याकडचा. वडील मिठागरावर होते. आता तिकडे विमानतळाच्या बाजूने इतके टॉवर उठलेत की आमचं आगर नेमकं कुठे होतं ते मलाही दाखवता येत नाही. आय.टी.आय. करून मी फिटर झालो, मग टूलरूममध्ये ड्रॉइंग शिकलो आणि साहेबाशी भांडण झाल्यावर स्वतःचं काम काढलं. भांडण कशावरून झालं ते सांगत बसलो तर हा लेख तिथेच संपेल. आगराचं मात्र सांगायला हवं. खाडीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घेऊन ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात खेळवणं हे वडिलांचं काम. फावडं घेऊन मातीचा बांध इथे थोडा फोडायचे, तिथे थोडा लिंपायचे. ते पाण्याबद्दल एखाद्या कामचुकार भावाबद्दल बोलावं तसं बोलायचे. "पानी लई आलशी हाय. त्याला सोपी वाट गावली का दुसरीकरं बगत पन नाय."

साच्यातही हेच. चार वाटा ठेवल्या म्हणून पाणी चौघींत सारखं वाटून जात नाही. जिथे अडथळा कमी तिथे सगळं पळतं आणि उरलेल्या वाटा कोरड्या नाही तरी कुचकामी राहतात. वडील फावडं वापरायचे, मी भोकांची मापं वापरतो.

आगर मी सोडलं, पण आगराने मला सोडलं नाही. सलीमभाई नावाचे माझे एक गिऱ्हाईक होते. वितळलेलं अॅल्युमिनियम साच्यात मारून स्कूटरचे भाग बनवायचे. माणूस दिलदार, आवाज मोठा. त्यांच्या साच्याचं कूलिंग मी केलं, ते झकास चाललं आणि काही महिन्यांनी फोन आला.

"म्हात्रेशेठ, तुमच्या साच्यावर आता बोंबील ठेवले तर तळून निघतील, कसम से!"

जाऊन बघतो तर खरंच साचा आगीसारखा. म्हटलं, "सलीमभाई, पाणी कुठलं वापरता?"

"अल्लाने दिलेलं. बोअरचं."

बोअर खाडीच्या काठावर. प्लग उघडला तर आतून पांढरा थर, भोक सुईच्या नेढ्याएवढं उरलेलं. मी तो थर बोटाने काढून जिभेला लावला. खारट.

"सलीमभाई, हे पाणी तुम्ही प्याल का?"

"तौबा! बकरीपण नाही पीत."

"मग माझ्या साच्याने काय गुन्हा केलाय?"

ते इतके हसले की शेजारच्या गाळ्यातली माणसं बघायला आली. साचा साफ केला, पाण्याची टाकी बंदिस्त केली, गोडं पाणी भरलं. त्यानंतर साचा कधी तापला नाही आणि सलीमभाईंनी मला कधी फोनही केला नाही. कुणाच्या तरी लग्नात भेटले तेव्हा म्हणाले, "सब चंगा है, म्हणून तर फोन नाही."

आमच्या धंद्याचं दुखणं इथेच आहे. कूलिंग नीट चाललं की ते आहे हेच लोक विसरतात. पार्ट चांगला आला तर प्रेस चांगली, पत्रा चांगला, भट्टी चांगली. वाईट आला तर कूलिंग.

माझं हे दुखणं चिघळलं ते तळोज्याच्या एका मोठ्या कंपनीत. नाव सांगत नाही, अजून तिथलं काम करतो. तिथे खांबांची नवी लाइन सुरू झाली, कूलिंग माझं होतं, म्हणून उद्घाटनाला मलाही बोलावलं. दारातच मोठा बोर्ड, 'आमचे सहयोगी' असा. प्रेस कोणाची, परदेशी सल्लागार कोण, भट्टी कोणाची, रोबो कोणाचा, पोलाद कोणाचं, टूल कोणाचं. चष्मा लावून खालपर्यंत वाचलं. सगळ्यात खाली मंडपवाल्याचं नाव होतं. कूलिंगवाल्याचं नव्हतं.

तिथल्या टूलरूमचे मुख्य रोहेकर साहेब. सायमन रोहेकर. बेने इस्रायली, मूळचे रोह्याकडचे. घरातले बरेचसे तिकडे इस्रायलला गेले, हे इथेच राहिले. का राहिलात विचारलं तर म्हणतात, "तिकडे भांडायला म्हात्रे कुठून आणू?" उंच, सडपातळ, आवाज कधी चढत नाही. मी जितका तापतो तितके ते थंड होतात. त्यांच्या डोक्याचं कूलिंग कोणी केलंय ते मला शोधायचंय.

मी त्यांना हाताला धरून बोर्डापाशी आणलं. "हे काय आहे?"

"म्हात्रे, कूलिंग टूलच्या आत असतं. टूलचं नाव आहे ना बोर्डावर?"

"आणि मंडपवाला? तो टूलच्या वर असतो का?"

"तो जीएम साहेबांचा मेहुणा आहे," रोहेकर हळूच म्हणाले.

मी न जेवता निघालो. घरी येऊन नंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "राग खरा आहे तुमचा. पण जेवून तरी यायचं. गुलाबजाम होते म्हणालात ना?"

ही गोष्ट मी पुढे प्रत्येक मीटिंगमध्ये काढली. रोहेकरांनी ती प्रत्येक वेळी ऐकून घेतली आणि बोर्ड तसाच राहिला.

मग त्याच लाइनसाठी एका नव्या गाडीच्या खांबाचं टूल रोहेकरांच्या टूलरूममध्ये बनू लागलं. कूलिंग माझं. खांब तळाशी जिथे रुंद होतो त्या कोपऱ्यात रोहेकरांचा एक बोल्ट माझ्या पाण्याच्या वाटेत उभा होता.

"बोल्ट हलवा," मी म्हणालो.

"बोल्ट हलणार नाही. पाणी हलवा."

"पाणी लांब गेलं तर कोपरा तापेल."

"मग तापू नये असं काहीतरी करा. त्यासाठीच तुम्हाला बोलावतो."

मी त्या कोपऱ्यातली वाट लांबून नेली, पण कोपऱ्यापाशी भोक बारीक केलं आणि बाकीच्या वाटाही थोड्या आवळल्या, म्हणजे पाणी तिथून जोरात पळेल आणि लांबून का होईना उष्णता ओढून नेईल. रोहेकरांनी ड्रॉइंगवर बोट ठेवलं. "हा कोपरा गरम राहणार."

मला ताव आला. "राहिला तर माझं नाव बदला."

"बदलायला नाव आहे कुठे बोर्डावर?" ते म्हणाले. पूर्ण टूलरूम हसली. मीही हसलो, पण नंतर, रिक्षात.

टूल चाललं. कोपरा गार, खांब कडक. गाडीच्या कंपनीची माणसं नमुने तपासायला यायची होती. त्यांनी पसंत केले की त्या गाडीची पुढची सगळी टूल्स याच कारखान्यात होणार होती आणि त्यांचं कूलिंग माझ्याकडे येणार होतं. नाही तर लाइनचा तो परदेशी सल्लागार कूलिंगही आपल्याकडे घ्यायची वाटच बघत बसला होता. त्याचं नाव बोर्डावर दुसऱ्या ओळीत होतं, हे जाता जाता सांगतो.

मध्ये दसरा आला. दसऱ्यानंतर लाइन सुरू झाली आणि रोहेकरांचा फोन आला.

"म्हात्रे, कोपरा मऊ येतोय."

"कुठला?"

"तुम्हाला माहीत आहे कुठला."

मी फोन कापला. नंदाने विचारलं, "कोणाचा होता?"

"कोणाचा नाही."

"मग चपला का घालताय?"

कारखान्यात पोचलो तर प्रेस थांबलेली. बाजूला मऊ निघालेल्या खांबांचा ढीग. रोहेकरांनी उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचं चित्र समोर धरलं. सगळा साचा निळा आणि त्या एका कोपऱ्यात हळद सांडल्यासारखा पिवळा डाग. "पाणी पूर्ण येतंय," ते म्हणाले आणि मीटर दाखवला. काटा जिथे हवा तिथे. "पाणी पूर्ण, तरी कोपरा गरम. मी काय समजायचं? वरून विचारणा झाली आहे, म्हात्रे. पुढची टूल्स सल्लागाराकडे द्यायची का म्हणून."

"दसऱ्याच्या आधी कडक होता ना?"

"होता."

"दसऱ्यानंतर मऊ?"

"हो."

"मग माझं डिझाइन काय दसरा पाळतं?" मी इतक्या जोरात ओरडलो की पलीकडची फोर्कलिफ्ट थांबली. "मध्ये काय केलंत टूलला?"

"काही नाही. पाइप काढले, खाली उतरवलं, पुसलं. पूजा केली. परत चढवलं."

"पाइप चुकीचे जोडले असतील."

"तपासले. बरोबर आहेत."

तेव्हा मी माझा सौदा मांडला. आजवर खूप सौदे केले, पण इतक्या रागात एकही नाही. "रोहेकर साहेब, चूक माझ्या डिझाइनची निघाली तर पुढची टूल्स त्या सल्लागाराला द्या, मी हे दार पुन्हा ओलांडणार नाही. पण माझी नाही निघाली तर पुढची टूल्स माझी, आणि या टूलवर माझं नाव कोरायचं. बोर्डावर नको मला. पोलादावर पाहिजे."

"कंपनीत सप्लायरचं नाव टूलवर टाकत नाहीत."

"मग मी चाललो. उद्या सल्लागाराला विमानाने आणा."

रोहेकरांनी थोडा विचार केला. "कबूल."

"लाइनवरच्या सगळ्यांसमोर बोला."

"कबूल!" ते पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाले. लाइनचा सुपरवायझर संतोष पवार आणि त्याची माणसं बघत होती. संतोष चांगला पोरगेला गडी, कामात चोख, देवाधर्मात त्याहून चोख. दसऱ्याची पूजा दरवर्षी तोच करायचा.

आता कामाला लागलो. मीटरकडे बघत उभा असताना मला वडिलांचं ते कामचुकार पाणी आठवलं. मीटर सांगतो एकूण पाणी किती गेलं. कुठून गेलं ते सांगत नाही. एक वाट बंद झाली तर पाणी काही थांबून राहणार नाही, बाकीच्या वाटांनी खुशाल निघून जाईल आणि काटा हलणारही नाही.

मी म्हटलं, "बाकीचे सगळे पाइप बंद करा. फक्त कोपऱ्याच्या वाटेत पाणी सोडा. संतोष, त्या टोकाला बादली धर."

संतोषने बादली धरली. पाणी सोडलं. नळाचं पाणी जायच्या वेळी जशी धार येते तशी करंगळीएवढी धार, मग थेंब, मग नुसतं गुरगुरणं.

रोहेकर पुढे आले. त्यांनी वाकून बादलीत बघितलं.

टूल थंड होऊ दिलं, खाली उतरवलं. मी भोक जिथे बारीक केलं होतं त्याच्या तोंडाचा प्लग काढायला लावला आणि आत तार घातली. आधी लालसर पाणी आलं.

"गंज," रोहेकर म्हणाले.

मग तारेबरोबर एक गुलाबीसर गोळा निघाला. मऊ, चिकट. तळहातावर घेतला. त्यातून एक झेंडूची पाकळी डोकावत होती. मी नाकाजवळ नेला. आंबोळ्यांचं पीठ जास्त वेळ राहिलं की येतो तसा वास.

"रोहेकर साहेब, हा गंज नाही. भात आहे."

"काय आहे?"

"भात. शिजलेला. तुमच्या टूलमध्ये भात शिजलाय."

रोहेकरांनी चष्मा कपाळावर सरकवला, गोळा निरखून पाहिला. मग सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. संतोष बादली धरून तसाच उभा होता.

"संतोष," रोहेकर म्हणाले, "अक्षता किती वाहिल्यास?"

"साहेब, पहिल्याच वर्षी नवीन टूल... जरा जास्तच. ओंजळभर. वरून सगळीकडून."

"पाइप काढलेले होते तेव्हा?"

"पाइप काढलेलेच होते ना साहेब, पुसायला." त्याच्या लक्षात हळूहळू येत होतं. वर आ वासून बसलेली पाण्याची तोंडं, त्यावर पडलेल्या कुंकवाच्या अक्षता, मग जोडलेले पाइप. पाण्याला गाळणी होती, पण ती पाइपांच्या अलीकडे. तांदूळ पलीकडे. ते पाण्याबरोबर पळत गेले, माझ्या बारीक भोकापाशी अडकले, फुगले आणि साचा तापला तसे शिजले. "साहेब, आईशपथ, पूजा मनापासून केली."

"मनापासून केलीस म्हणून तर इतकी आतपर्यंत पोचली," मी म्हणालो. तेव्हा कुठे सगळे हसले. संतोषही हसला, पण बादली काही त्याने खाली ठेवली नाही.

रोहेकर हसत नव्हते. त्यांनी गोळा बोटांत चिरडला. "कोलम आहे," ते म्हणाले. आणि मग, "एक गोष्ट तरी मान्य करा म्हात्रे. कोपरा गरम होता. त्याशिवाय भात शिजला नसता."

माणूस हरतानाही थंड.

सगळ्या वाटा धुतल्या, हवा मारून साफ केल्या. आणखी दोन-तीन ठिकाणी तांदूळ निघाले, एका ठिकाणी नारळाची शेंडी. टूल चढवलं. पहिलाच खांब कडक, कोपऱ्यासकट. कॅमेऱ्यात सगळं निळं. गाडीच्या कंपनीची माणसं आली, नमुने घेऊन गेली, पसंतीचा निरोप आला. पुढची टूल्स माझ्याकडे आली. सल्लागार त्याच्या देशात सुखी असेल.

राहिला सौदा. काही दिवसांनी रोहेकरांनी फोनवर फोटो पाठवला. पोलादावर ठोकलेली खणखणीत अक्षरं: 'कूलिंग – म्हात्रे, पनवेल'. मी तो नंदाला दाखवला, सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर टाकला (वरच्या मजल्यावरच्या सद्गृहस्थांनी अंगठा दाखवला आणि विचारलं, एसीचं सर्व्हिसिंग कधी करावं), आणि प्रत्यक्ष बघायला तळोज्याला गेलो. प्रेस चालू होती. मी टूलच्या चारी बाजूंनी फिरलो. नाव कुठेच नाही.

"कुठे आहे?"

"खाली," रोहेकर म्हणाले.

"खाली म्हणजे?"

"टूलच्या तळाला. प्रेसच्या टेबलावर जी बाजू बसते ना, ती."

"ती कोणाला दिसणार?"

"दिसणाऱ्या बाजूंवर सप्लायरचं नाव चालत नाही, ते मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात टूलवर पाहिजे. टूलवर आहे. बाजू कुठली ते कुठे ठरलं होतं?"

मिलिमीटरवर तास घालवणारा मी, सेकंदावर रक्त आटवणारा मी, एका कोळणीला पाटी झाकायला लावणारा मी. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या सौद्यात मी बाजू ठरवायला विसरलो. घरी आल्यावर नंदाला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. "एवढी वर्षं बाजारात मला शिकवता," ती म्हणाली, "पापलेट उलटून बघ, पापलेट उलटून बघ!"

तेव्हा आता परिस्थिती अशी आहे की माझं नाव पोलादावर आहे, गंजणार नाही अशा कोरड्या जागी आहे, आणि टूल उलटं केल्याशिवाय दिसत नाही. टूल उलटं करतात ते काहीतरी बिघडल्यावर. म्हणजे माझं नाव लोकांना फक्त बिघाडाच्या वेळी दिसणार. तसं ते आधीही होतंच. बोर्ड अजून दारात आहे. मंडपवाल्याचं नाव त्यावर नव्याने रंगवलंय.

पुढच्या दसऱ्याला मात्र रोहेकरांनी मला पूजेला बोलावलं. भाताच्या प्रकरणानंतर मी त्यांना एक साधी गोष्ट सुचवली होती: पाइप काढले की लगेच प्रत्येक तोंडावर प्लॅस्टिकचं टोपण बसवायचं. टूल, टूलचं स्टँड सगळं झेंडूने सजलं होतं. संतोष नव्या शर्टात, हातात अक्षतांचं ताट. त्याने पूजेआधी लाइनवर एक आरोळी दिली.

"म्हात्रे लावले का रे सगळे?"

"लावले!" पलीकडून आवाज आला. "मागच्या बाजूला दोन म्हात्रे कमी पडले, स्टोअरमधून आणलेत."

"लाल आणलेत का निळे?"

"निळेच म्हात्रे होते."

मी रोहेकरांकडे बघितलं. ते नेहमीसारखे मागे हात बांधून उभे होते. पूजेत ते कधी भाग घेत नाहीत, पण पेढा सगळ्यांच्या आधी घेतात. "सगळ्या कारखान्यात आता हेच नाव पडलंय," ते म्हणाले. "पर्चेसच्या ऑर्डरवरसुद्धा. आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

"मी आयुष्यभर टूलच्या पोटातलं पाणी केलं," मी म्हणालो, "आणि माझं नाव टोपणाला?"

"टोपण दिसतं, म्हात्रे."

भांडायला मस्त जागा होती, पण संतोषने माझ्यापुढे ताट धरलं. "काका, यंदा पहिल्या अक्षता तुमच्या हातच्या." मी मूठ भरली आणि टूलवर नजर फिरवली. त्या कोपऱ्यातलं एक निळं टोपण नीट बसलं नव्हतं. ते अंगठ्याने दाबून बसवलं, आणि मगच मूठ उघडली.